मदत हवी आहे: लढाऊ हेलिकॉप्टरांच्या वैमानिकांची परिभाषा आणि त्यांची बोली

नमस्कार. एका दिवाळी अंकासाठी मी लढाऊ हेलिकॉप्टरांवर दीर्घ लेख लिहीत आहे. व्हिएतनाममधील कोब्रापासून आजच्या अपाचीपर्यंतचा प्रवास त्यात येतो आणि लेखासोबत वैमानिकांच्या बोलण्यातील शब्दांची एक चौकट द्यावी, असे संपादकांचे म्हणणे आहे. नाशिक रोडला गांधीनगर येथे सैन्याची विमानचालन प्रशिक्षण शाळा असल्याने आमच्या भागात हेलिकॉप्टरचा आवाज कोणाला नवा नाही. परंतु हेल्मेटमधील इअरफोनवर नेमके काय बोलले जाते, याचा अभ्यास मी प्रथमच करीत आहे. या क्षेत्रात काम केलेल्या किंवा त्याविषयी बारकाईने वाचलेल्या सदस्यांनी पुढील मांडणी तपासून द्यावी, ही विनंती.

माझी मुख्य अडचण वर्गीकरणाची आहे. सहज सापडणाऱ्या बहुतेक याद्यांमध्ये 'विंचेस्टर' आणि 'स्नेक' हे शब्द एकाच रांगेत, वर्णानुक्रमाने बसवलेले असतात, आणि ते मला पटत नाही. 'विंचेस्टर' हा अमेरिकी सैन्यदलांच्या संयुक्त संकेतशब्दांच्या पुस्तिकेत व्याख्या दिलेला शब्द आहे व त्याचा अर्थ 'माझ्याकडील सर्व दारूगोळा संपला' एवढाच होतो. 'स्नेक' हे मात्र कोब्राला तिच्या वैमानिकांनी दिलेले घरगुती नाव आहे. पहिल्या शब्दाचा अर्थ ऐकणाऱ्याने वेगळा घेतला तर जमिनीवरच्या तुकडीच्या जिवावर बेतू शकते. दुसऱ्याचे कोणी काहीही केले तरी बिघडत नाही. म्हणून परिभाषा आणि बोली वेगळ्या ठेवाव्यात, असा माझा विचार आहे.

बोलीचा भाग व्हिएतनाममुळे फार समृद्ध आहे. आयरोक्वॉय हे हेलिकॉप्टरचे अधिकृत नाव कोणी वापरत नसे. त्याच्या सुरुवातीच्या एच-यू-वन या क्रमांकावरून 'ह्यूई' झाले आणि तेच टिकले. माणसे वाहून नेणारी, बाजूंना रॉकेटांचे संच न लावलेली ह्यूई म्हणजे 'स्लिक', रॉकेटांनी लादलेली म्हणजे 'हॉग'. हलक्या टेहळणी हेलिकॉप्टरच्या वर्गनामाच्या आद्याक्षरांवरून 'लोच' तयार झाला. हवाई घोडदळाच्या, म्हणजे हेलिकॉप्टरांतून लढणाऱ्या दलाच्या तुकडीत टेहळणीचा गट पांढरा, गनशिपचा, म्हणजे शस्त्रसज्ज हेलिकॉप्टरांचा गट लाल आणि उतरून लढणाऱ्या पायदळाचा गट निळा मानला जाई. त्यामुळे एक लोच आणि एक कोब्रा एकत्र निघाले की त्या जोडीला 'पिंक टीम' म्हणत. लोच झाडांच्या शेंड्यांलगत फिरून शत्रूचा माग काढत असे आणि वर घिरट्या घालणारी कोब्रा खालून गोळीबार होताच झेप घेत असे. सहवैमानिकाला 'पीटर पायलट' म्हणत. मुख्य पंखा दांड्यावर धरून ठेवणाऱ्या एकुलत्या एका नटाला 'जीझस नट' असे नाव होते, कारण तो निसटला तर येशूखेरीज कोणाचा धावा करण्यासारखे काही उरत नसे. सैनिकी विनोद किती कोरडा असतो, याचा याहून चांगला नमुना मला मिळालेला नाही. सोव्हिएत बाजूला मी-२४ या लढाऊ हेलिकॉप्टरला तिचे वैमानिक 'क्रोकोदिल' म्हणत, तर पहिल्या आवृत्तीच्या काचघरासारख्या कॉकपिटमुळे तिला 'स्ताकान', म्हणजे पेला, असेही नाव पडले होते.

परिभाषेत मला जोड्या दिसतात. शत्रू किंवा लक्ष्य दिसले तर 'टॅली', न दिसल्यास 'नो जॉय'. आपला सहकारी दिसला तर 'व्हिज्युअल', न दिसल्यास 'ब्लाइंड'. दोन्हींपैकी काहीच दिसत नसेल आणि परिस्थितीचा अंदाजच सुटला असेल, तर 'टंबलवीड'. इंधनाच्या बाबतीत 'बिंगो' म्हणजे परतण्यापुरतेच इंधन उरले आहे, आणि 'जोकर' म्हणजे त्याच्या थोडी आधीची, काम आवरते घेण्याची ठरवलेली पातळी. 'रेमिंग्टन' म्हणजे तोफेच्या गोळ्या किंवा स्वसंरक्षणाची अस्त्रे सोडून बाकी सारे संपले.

माझे प्रश्न असे आहेत. 'कॉन्टॅक्ट' हाही दिसल्याचाच शब्द असेल, तर 'टॅली' वेगळा कशाला? गोळीबारापूर्वी 'क्लिअर्ड हॉट', म्हणजे मारा करण्याची परवानगी, ऐकणे अपाचीला प्रत्येक वेळी आवश्यक असते का? 'स्प्लॅश' हा शब्द तोफखान्यातही आढळतो; त्याचा अर्थ दोन्हीकडे एकच आहे का? आणि शेवटचा प्रश्न: कॉकपिटच्या आत दोघे परस्परांशी जे बोलतात, त्यासाठी वेगळा गट करावा का?

प्रतिसाद १

आपले वर्गीकरण योग्य आहे, ते बदलू नये. प्रश्न क्रमाने घेतो.

'कॉन्टॅक्ट' हा खुणेसाठी आहे, 'टॅली' लक्ष्यासाठी. जमिनीवरील नियंत्रक वैमानिकाची नजर टप्प्याटप्प्याने नेतो: आधी नदीवरचा पूल, मग पुलाच्या उत्तरेचा चौक, मग चौकाच्या कोपऱ्यावरचे घर. यातील प्रत्येक खूण दिसली की वैमानिक 'कॉन्टॅक्ट' म्हणतो. ज्यावर मारा करायचा ते वाहन किंवा तो मोर्चा प्रत्यक्ष दिसला, तेव्हाच 'टॅली' म्हणायचे. चौक दिसल्यावर कोणी 'टॅली' म्हणाला, तर नियंत्रकाची समजूत होईल की लक्ष्य सापडले, आणि पुढची परवानगी चुकीच्या जागेसाठी दिली जाईल.

दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि लोकप्रिय लेखांत तो हमखास गाळला जातो. जमिनीवरील सैन्याला निकटचा हवाई आधार देताना नियंत्रक विमानाला नऊ ओळींचा ठरलेला मजकूर सांगतो. लक्ष्याची उंची, त्याचे स्थान आणि असल्यास निर्बंध वैमानिकाने परत म्हणून दाखवायचे असतात. त्यानंतर नियंत्रणाच्या तीन प्रकारांपैकी पहिल्या दोहोंत प्रत्येक हल्ल्यासाठी स्वतंत्र 'क्लिअर्ड हॉट' लागते; तिसऱ्या प्रकारात 'क्लिअर्ड टू एंगेज' म्हटले की दिलेल्या निर्बंधांच्या चौकटीत एकाहून अधिक हल्ले करता येतात. अमेरिकी सैन्याची स्वतःची लढाऊ हेलिकॉप्टरे मात्र पायदळाच्या तुकडीकडून पाच ओळींची मागणीही स्वीकारतात, आणि तिथे तो मजकूर प्रक्षेपित होणे हीच गोळीबाराची परवानगी मानली जाते. याला दोन अपवाद आहेत: 'ॲट माय कमांड', म्हणजे 'मी सांगेन तेव्हाच', म्हटले असेल, किंवा 'डेंजर क्लोज' म्हटले असेल. दुसऱ्या प्रसंगी आपली माणसे माऱ्याच्या धोकादायक कक्षेत असतात, म्हणून जमिनीवरील कमांडर स्वतःची आद्याक्षरे रेडिओवर देऊन जबाबदारी पत्करतो. कारण असे की अमेरिकी सैन्य आपल्या लढाऊ हेलिकॉप्टरांकडे जमिनीवरच्या तुकडीसारखीच एक हालचाल करणारी तुकडी म्हणून पाहते. हा फरक चौकटीत न घालता आपण लेखाच्या मुख्य मजकुरात घ्यावा, असे मला वाटते.

'स्प्लॅश'चे अर्थ एक नव्हे, तीन आहेत. तोफखान्यात गोळा पडण्याच्या ५ सेकंद आधी निरीक्षकाला सावध करण्यासाठी तो म्हणतात. हवेतून जमिनीवर मारा करताना अस्त्र जाऊन आदळल्यावर म्हणतात. हवाई लढाईत शत्रूचे विमान नष्ट झाल्यावर म्हणतात.

प्रतिसाद २

कॉकपिटचा वेगळा गट अवश्य करावा. अपाचीत दोघे एकामागे एक बसतात. पुढच्या आसनावर सहवैमानिक तथा गनर आणि मागे, थोडा उंच, वैमानिक. दोघांनाही हेलिकॉप्टर चालवता येते, त्यामुळे या क्षणी नियंत्रण कोणाच्या हाती आहे, याबद्दल शंका राहता कामा नये. म्हणून नियंत्रण देणारा 'तुझ्याकडे नियंत्रण' म्हणतो, घेणारा 'माझ्याकडे नियंत्रण' म्हणतो आणि देणारा पुन्हा पहिलेच वाक्य उच्चारतो. तीन वाक्यांचा हा शिरस्ता दिसायला साधा असला तरी सर्वांत जास्त वेळा तोच वापरला जातो.

बोलीच्या गटात 'बॅग' घालण्यास विसरू नये. अपाचीचा वैमानिक उजव्या डोळ्यासमोरच्या छोट्या काचेवर नाकावरील उष्णतादर्शक कॅमेऱ्याचे चित्र पाहून रात्री उडतो, आणि डावा डोळा मोकळा असतो. ही सवय लावण्यासाठी प्रशिक्षणार्थ्याचा कॉकपिट भरदिवसा झाकून टाकतात आणि त्याला केवळ त्या चित्रावर उडायला लावतात. त्या टप्प्याचे नाव 'बॅग'.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पाच ओळींचा मुद्दा मुख्य लेखात घेतो. हेलफायर क्षेपणास्त्राच्या 'रायफल' या शब्दाबद्दलही कोणी लिहावे; एका हेलिकॉप्टरने क्षेपणास्त्र सोडायचे आणि लेझर दुसऱ्याने धरायचा, तेव्हा संभाषणाचा क्रम कसा असतो?

प्रतिसाद १

लेझरवर चालणाऱ्या हेलफायरला परावर्तित लेझरचा ठिपका लागतो, आणि तो ठिपका सोडणाऱ्यानेच टाकावा असे बंधन नाही. दोघांनी आधी लेझरचा सांकेतिक क्रमांक जुळवून घेतलेला असतो. सोडणारे हेलिकॉप्टर टेकडीआड राहूनही क्षेपणास्त्र सोडू शकते. ते उडाले की 'रायफल' म्हणायचे. 'टेन सेकंड्स' हा तयारीचा इशारा, 'लेझर ऑन' ही आज्ञा, आणि किरण प्रत्यक्ष सुरू झाल्यावर ते धरणारा 'लेझिंग' असे उत्तर देतो. ठिपका दुसऱ्या लक्ष्यावर न्यायचा असल्यास 'शिफ्ट', बंद करायचा असल्यास 'सीझ लेझर'. चौकटीत सुटे अर्थ देण्याऐवजी हा क्रम अखंड संवाद म्हणून छापावा, आणि 'लेझर ऑन' व 'लेझिंग' हे दोन माणसांच्या तोंडचे शब्द आहेत, हे बोलणाऱ्यांची नावे लिहून दाखवावे.