छोटा हत्तीत (टाटा एस टेम्पो) दोन एक्सपल्स (हिरोच्या मोटरसायकली) नेताना

टेम्पोत गाड्या साइड स्टँडवर लावून नायलॉन दोरीने बांधा असा सल्ला काही जण देतात, ते प्लीज करू नका. मी तसंच नेलं होतं, वरंधा घाटात दोन-तीन वळणांतच दोरी ताणून ढिली झाली आणि एक गाडी दुसरीवर कलंडली, क्लच लिव्हर तुटला आणि टाकीला पोचा. साइड स्टँड दुमडलेलाच ठेवायचा, गाडी सरळ उभी, पुढचं चाक केबिनमागच्या पत्र्याला घट्ट टेकवून. रॅचेट बेल्ट (खटक्याने आवळायचा पट्टा) हँडलच्या ग्रिपला नाही, फोर्कच्या (पुढच्या शॉकच्या) खालच्या टीला, म्हणजे दोन्ही नळ्या धरणाऱ्या खालच्या पट्टीला, दोन्ही बाजूंना पुढे आणि खाली तिरपे ओढून. फोर्क साधारण अर्धा दबला की थांबा, पूर्ण दाबला तर ऑइल सील गळायला लागतं. मागचं चाक उडू नये म्हणून त्यालाही एक बेल्ट हवाच. दुसरी गाडी उलट तोंडाने घाला म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत, पण मग तिचं पुढचं चाक फाळक्याकडे (टेम्पोच्या मागच्या झडपेकडे) येतं, हौदा जेमतेम 7 फुटांचा, त्यामुळे आधी मापून घ्या. फाळका उघडा ठेवून तर अजिबात नेऊ नका. गिअरमध्ये ठेवा, पेट्रोल कमी असू दे. आणि निघाल्यावर 10-15 किलोमीटरवर थांबून बेल्ट परत आवळा, पहिल्या खड्ड्यांनंतर ते सैल होतातच.