बेटावरचे उंदीर मारायचे का? आणि आपल्या धरणावरची कुत्री?

रेतीवरचा_सुरय (धागाकर्ता):
मे महिना, ४५ डिग्री, नागपूरजवळचं एक धरण. पाणी उतरलं की मधे रेतीचा उंचवटा उघडा पडतो, त्यावर नदी सुरय अंडी घालतात. घरटं म्हणजे नुसता उकरलेला खळगा, अंडी रेतीच्याच रंगाची. पक्षी पाण्यात पोट भिजवून येतो न् अंड्यांवर बसतो. त्याचा तोच कूलर! यंदा पाणी जास्तच उतरलं, बेट काठाला लागलं. पुढच्या रविवारी गेलो तर कुत्र्यांच्या पावलांची रांग थेट खळग्यांपर्यंत. खळगे रिकामे.

तेव्हापासून डोक्यात दक्षिण जॉर्जिया आहे. अंटार्क्टिकाकडचं बेट. सील आणि देवमासे मारणाऱ्यांच्या जहाजांतून तिथं उंदीर उतरले आणि बिळांत अंडी घालणाऱ्या समुद्रपक्ष्यांच्या मुळावर आले. २०११ पासून हेलिकॉप्टरनं विषारी दाणे टाकले, २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. माझ्या मते बरोबर केलं.

महालची_माई:
दादा, उंदीर काय पोहत गेला होता? नेला माणसानं आणि विष उंदराला! त्या विषानं तिथले स्कुआ नावाचे समुद्रपक्षी आणि बदकंही मेली, ते बरं गाळलंत. मी रोज नागपूरच्या महाल भागात अकरा कुत्र्यांना पोळ्या घालते. आज उंदीर, उद्या माझी कुत्री.

रेतीवरचा_सुरय:
स्कुआंचं खरं आहे, लिहायला हवं होतं. पण दक्षिण अटलांटिकातल्या गॉफ बेटावर बघा. तिथला ट्रिस्टन अल्बट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी एका वेळी एकच अंडं घालतो, तेही वर्षाआड. रात्री उंदीर त्याच्या पिल्लाला जिवंत कुरतडतात आणि पिल्लू जागचं हलत नाही. उंदीर येईपर्यंत जमिनीवरून येणारा शत्रू त्याच्या पिढ्यांनी पाहिलेलाच नव्हता.

काऊन_भाऊ:
त्याच गॉफवर २०२१ मध्ये विष टाकलं ना? डिसेंबरात उंदीर पुन्हा हजर! सारा खर्च पाण्यात. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावर मांजरी संपवल्या, तर पुढं सशांनी बेट चरून उजाड केलं. एकाले हात लावला का दुसरं बिघडते.

रेतीवरचा_सुरय:
मॅक्वारीची अर्धीच गोष्ट सांगितली भाऊ. नंतर ससे, उंदीर सगळेच काढले, २०१४ मध्ये बेट मोकळं जाहीर झालं.

कन्हानकाठ:
तुमचे अल्बट्रॉस राहू द्या तिकडं. आमची डांगरवाडी होती नदीत, टरबूज-खरबुजांची. रेतीत अंडी दिसली का आबाजी भोवताल काड्या रोवे, पोरांचा पाय पडू नये म्हणून. आता घाटात रेतीच नाही राहिली, ट्रकानं गेली. पक्ष्यानं अंडी कुठं घालावी, डांबरावर? अन् तुम्ही कुत्र्यावर भांडून राहिले.

महालची_माई:
हे बोललात खरं! पण आहे त्या रेतीवर कुत्रं गेलंच, तर?

रेतीवरचा_सुरय:
विष नाही माई. बेट काठाला जोडणारा पट्टा दहा-बारा पावलांचा आहे. तेवढा खणून पाणी आत घेतलं की बेट पुन्हा बेट. परवानगीसाठी अर्ज देतो आहे, सह्या हव्यात.

महालची_माई:
सही करते. रविवारी येतेही, पोळ्या घेऊन.

रेतीवरचा_सुरय:
पोळ्या तेवढ्या महालातच घाला. काठावर सहलवाल्यांचं उष्टं पडतं, म्हणूनच कुत्री तिकडं जमतात.

महालची_माई:
म्हणजे आता माझ्या पोळ्याही विष!