मदत हवी आहे: वांग्यावरच्या लेस बगची (पानांतला रस शोषणारा बारीक किडा) पिल्लं कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडला राहतो, गच्चीवर वांग्याची आठ रोपं आहेत. पानं वरून पांढुरकी पडली म्हणून उलटून पाहिली, तर खाली डांबराचे शिंतोडे उडावेत तशी काळी विष्ठा आणि काटेरी पिल्लांचा घोळका! जाळीदार पंखांचे प्रौढ लगेच ओळखू येतात, अडतंय ते पिल्लांपाशी. पिल्लांच्या पाच अवस्था, दर वेळी कात टाकतात, इथवर ठीक. पाचवीला पंखांचे कोंब ठळक दिसतात, म्हणून ती सुटते. पण पहिली-दुसरी? माझ्या दहापट भिंगाखाली दोन्ही सारखीच. मिशांचे खंड मोजायचे की डोक्यावरचे काटे? वर्णन लिहिताना तुम्ही आधी काय टिपता? नमुने अल्कोहोलमध्ये आहेत (फ्रीजमध्ये ठेवायला घरून साफ नकार).