मसाई माराला विमानाने जाऊ नका, रस्त्यानेच जा

मुरूमवाट

केनियातलं मसाई मारा अभयारण्य बघायला निघालेल्या मराठी मंडळींशी हल्ली बोलणं झालं की एक वाक्य हमखास कानावर येतं : "रस्त्यात दिवस कशाला घालवायचा? नैरोबीहून माराला छोट्या विमानाने पाऊण तासात पोचतो." मी दोन्ही केलंय. पहिल्यांदा २०१८ मध्ये गाडीने गेलो, नंतर २०२३ मध्ये विमानाने. कुणी सल्ला विचारला तर मी रस्ताच सांगतो.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून बारा-तेरा जणांचं सेसना कॅरव्हॅन विमान उडालं. खाली रिफ्ट व्हॅली ही प्रचंड दरी कधी आली नि कधी गेली ते कळलंही नाही. गाडीने जाताना त्याच दरीच्या कड्यावर आम्ही थांबलो होतो. धुकं वर सरकत होतं आणि खाली दरीचा तळ हळूहळू उघडत होता. घाट उतरल्यावर माई माहियूच्या रस्त्यालगत एक अगदी चिमुकलं चर्च लागतं. दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांकडून हा रस्ता बांधून घेतला, तेव्हा त्यांनीच ते १९४२ मध्ये उभारलं. आत जेमतेम दहा-बारा माणसं मावतात. पुढे नारोक गावाच्या आसपास गव्हाची शेतं लागतात. जनावरांची चराई आणि नांगर यांची ओढाताण तिथे डोळ्यांना दिसते. मारातल्या विल्डबीस्ट या मोठ्या हरणांचं पुढे काय होणार, हे उद्यानाच्या आत जितकं ठरतं तितकंच या शेतांच्या कुंपणांवर ठरतं. वरून बघणाऱ्याला ते फक्त हिरवे-पिवळे चौकोन दिसतात.

दुसरी गोष्ट माणसाची. गाडीने गेलात की ड्रायव्हर-गाईड आठवडाभर तुमच्यासोबत असतो. आमच्या गाईडला तिसऱ्या दिवसापर्यंत कळलं होतं की माझ्या बायकोला सिंहापेक्षा पक्ष्यांत जास्त रस आहे. मग तो स्वतःहून लायलॅक-ब्रेस्टेड रोलर दिसला की गाडी थांबवायचा. विमानाने गेलात की दर लॉजवर नवी गाडी, नवा माणूस आणि नव्याने ओळख.

कृष्णाकाठ

मुरूमवाट, तुमचं लिहिणं आवडलं, पण मला हे मुळीच मान्य नाही. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, कमरेचं ऑपरेशन झालेलं. सहा तास गाडीत बसणं तिला डॉक्टरांनी साफ मना केलंय. "रस्त्यानेच जा" या सल्ल्यात तिचं काय?

आम्ही विमानाने गेलो. वैमानिकाने स्वतः खाली उतरून तिला हात दिला, पायरी दाखवली आणि पुढच्या रांगेत खिडकीशी बसवलं. सुस्वा ज्वालामुखीचं तोंड दिसलं तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला. आमच्या लॉजच्या आधी विमान दोन ठिकाणी उतरलं. एका धावपट्टीवर झेब्रे होते, ते जीपने हाकलल्यावरच आम्ही खाली आलो. गवती छपराखाली एक बाक, काठीवर फडफडणारी वाऱ्याची पिशवी, बस, एवढाच तो विमानतळ! आई अजून त्या बाकाबद्दल बोलते.

आणि अंबोसेली या केनियातल्याच दुसऱ्या उद्यानाहून माराला गाडीने जाऊन बघा. जवळजवळ सगळा दिवस रस्त्यावर जातो.

दक्षिणवारा

मी काही वर्षं बोत्सवानात नोकरीला होतो. तिथे हा वादच उद्भवत नाही. अंगोलाच्या डोंगरांत पडलेला पाऊस महिनोन्‌महिने वाहत ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात येतो आणि ऐन कोरड्या दिवसांत, जून ते ऑगस्टमध्ये, तिथली बेटं पाण्याने वेढतो. त्रिभुज प्रदेशाच्या आतल्या बऱ्याच कॅम्पना गाडीचा रस्ता नाही. माउन शहराहून विमान, मग होडी. आचाऱ्याची भाजी आणि आजारी पडलेला कामगारसुद्धा विमानानेच जातात-येतात. रस्ता नाही म्हणून बसगाड्या नाहीत, बाजार नाहीत. ते पाणी अजून तसं राहिलंय, त्यात या छोट्या धावपट्ट्यांचा वाटा मोठा आहे. तेव्हा विमान म्हणजे जंगलाशी नातं तुटणं, असं सरसकट म्हणू नये.

मुरूमवाट

दक्षिणवारा, म्हणून तर मी शीर्षकात मारा लिहिलंय. ओकावांगोची गोष्ट वेगळी, मान्य. पण माराला उद्यानाच्या सेकेनानी गेटपर्यंत चांगला डांबरी रस्ता आहे. तिथे विमान ही गरज नाही. कॅरव्हॅन विमानाला तासाला साधारण दोनशे लिटर इंधन लागतं. धडधाकट माणसाने फक्त वेळ वाचवायला ते जाळावं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

कृष्णाकाठ ताई, आईंच्या बाबतीत तुम्ही केलंत तेच बरोबर. तेवढं मी लिहायला हवं होतं, राहून गेलं.

एक पालक

सुरक्षिततेचं कुणीच बोलत नाहीये. २०२५ च्या ऑक्टोबरात केनियाच्या किनाऱ्यावरच्या दियानीहून माराकडे निघालेलं असंच एक विमान तिथल्याच क्वाले भागात कोसळलं आणि आतले अकराही जण गेले. माझ्या मुलांना मी त्यात बसवणार नाही.

कृष्णाकाठ

भीती समजते. पण माई माहियूचा घाट बघितलाय का तुम्ही? अरुंद रस्ता, समोरून लादलेले ट्रक, आणि त्यांना ओलांडायची घाई झालेल्या मॅटाटू, म्हणजे तिथल्या प्रवासी मिनीबस. नारोकहून परतताना अंधार पडला तर माझ्या तोंडचं पाणी पळतं. धोका दोन्हीकडे आहे. विमानाचा धोका बातमीत येतो, घाटातला येत नाही.

गिधाडमित्र

विमानाच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. माराला लागून असलेल्या टांझानियातल्या सेरेंगेटीतली जनावरं पहिल्यांदा नीट मोजली गेली ती छोट्या विमानातूनच. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बर्नहार्ड आणि मिखाएल ग्झिमेक या जर्मन बापलेकांनी झेब्र्याच्या पट्ट्यांनी रंगवलेलं डॉर्नियर विमान घेऊन कळपांमागे उड्डाणं केली. १० जानेवारी १९५९ ला एक गिधाड पंखावर आदळलं आणि मुलगा मिखाएल गेला. टांझानियातल्याच ङोरोङोरो (गोरोंगोरो) या ज्वालामुखी विवराच्या काठावर त्याला पुरलंय. आज विल्डबीस्टच्या स्थलांतराची वाट नकाशावर दिसते, तिची सुरुवात त्या उड्डाणांत आहे.

मात्र मुरूमवाटांच्या एका मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे : शेतं आणि कुंपणं बघायलाच हवीत. माराभोवतीच्या राखीव कुरणांत मसाई जमीनमालक आपली जमीन लॉजना भाड्याने देतात आणि त्या पैशांमुळे कुंपण घालत नाहीत. पाहुण्याने गाडीने यावं की विमानाने, यापेक्षा त्याने राहायला असा कॅम्प निवडला का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मुरूमवाट

हे मला माहीत होतं, पण कुंपणं आणि कॅम्पची निवड या दोन गोष्टी जोडून मी पाहिल्या नव्हत्या. तरी माझं म्हणणं कायम आहे : निदान एक बाजू रस्त्याने करा. आम्ही विमानाने गेलो तेव्हा पंधरा किलोच्या मर्यादेमुळे आमची एक बॅग विल्सनलाच राहिली आणि दुसऱ्या दिवशी आली. बायकोची दुर्बीण त्यात होती. पहिल्या संध्याकाळी नदीकाठी मार्शल ईगल हा मोठा गरुड बसला होता आणि ती नुसत्या डोळ्यांनी बघत राहिली.

कृष्णाकाठ

हे फार वाईट झालं. आता जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवते : पंधरा किलोत हातातली बॅगही धरतात, आणि चाकांची कडक सूटकेस चालत नाही, मऊ डफलच लागते. आत प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत, केनियात २०१७ पासून बंदी आहे. औषधं आणि दुर्बीण गळ्यात किंवा मांडीवर. विमान सकाळचंच घ्या. दुपारी जमीन तापली की फार हादरे बसतात, आईला परतीच्या वेळी तेवढाच त्रास झाला.