मदत हवी आहे: दुर्बिणीतून आयरिस लघुग्रह नक्की ओळखायचा कसा?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १०×५० ची साधी दुर्बीण आणि तिवई आहे. शेतावर काळोख चांगला मिळतो. आठवीतल्या पुतणीला लघुग्रह सरकताना दाखवायचा आहे, आणि तिने स्वतः आयरिस निवडलाय.

कारण सांगतो. आयरिस जेमतेम २०० किमीचा, तरी लंडनमध्ये जॉन हाइंड यांना १८४७ मध्येच सापडला. हायजिया हा दुसरा लघुग्रह त्याच्या दुप्पट मोठा, पण तो सापडला १८४९ मध्ये. "मोठा असून मागे कसा राहिला?" हा तिचा प्रश्न. आयरिस दगडी, त्याच्यावर पडलेल्या उजेडातला साधारण पाव भाग तो परत फेकतो. हायजिया कोळशासारखा काळा, शिवाय आपल्यापासून लांब. हे ऐकल्यापासून तिला तो दगड स्वतःच्या डोळ्यांनी बघायचाच आहे.

अडचण अशी. पहिल्या रात्री आम्ही त्या भागातले अकरा ठिपके वहीत काढले. मग दोन रात्री ढग. चौथ्या रात्री पाहिलं तर स्टेलॅरियम (आकाशाचा नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर) दाखवतं त्या जागी काहीच नाही, आणि थोडं बाजूला एक ठिपका आहे जो वहीत नाही. तो आयरिस, की आमच्याकडून आधी राहून गेलेला तारा? तिला खात्री नसताना "हाच तो" म्हणायचं माझ्या जिवावर येतं. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
दादा, आधी स्टेलॅरियममधली लघुग्रहांच्या कक्षांची माहिती ताजी करून घ्या. ती काही वर्षं जुनी असली की जागा चुकते, हे माझ्याही बाबतीत झालंय. मग पहिल्या रात्रीची तारीख-वेळ टाकून वहीशी ताडून बघा. तेव्हा तो जिथे होता तिथला ठिपका आज गायब असेल, तर काम झालं. नवा ठिपका दिसणं हा अर्धा पुरावा, जुना नाहीसा होणं हा उरलेला.

प्रतियुतीच्या (म्हणजे आपल्याकडून पाहता तो सूर्याच्या विरुद्ध बाजूला असतो त्या वेळेच्या) आसपास आयरिस रोज साधारण पाव अंश, म्हणजे चंद्रबिंबाच्या निम्म्याएवढा, पश्चिमेकडे सरकतो. तीन दिवसांत दीड चंद्रबिंब. तुमचं अंतर तेवढं भरतं का? आणि वहीवर उत्तर दिशा मांडली होती ना?

धागाकर्ता:
दिशा मांडली नव्हती! पण जुना ठिपका खरंच गायब आहे, पुतणीने आत्ताच वही उघडून दाखवला. आज आभाळ मोकळं आहे, दोघं पुन्हा जातोय.