मदत हवी आहे: व्हीएफएक्सवाल्यांची युनियन

नमस्कार मंडळी, मी मुंबईत व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमातल्या संगणकावर केलेल्या दृश्यांच्या कामात, रोटोचं काम करते. पात्राच्या केसांची कड एकेका फ्रेमला कापायची, सेकंदाला 24 फ्रेम. 2023 मध्ये हॉलिवूडचे लेखक 148 दिवस संपावर गेले, मधेच कलाकारही उतरले, आणि इकडे तिकडून येणारं आमचं काम आटलं. कंत्राट संपलं, तीन महिने घरी बसले. तेव्हा मला त्या संपाचा खूप राग आला होता.

बाबा 1982 च्या संपातले गिरणी कामगार. नोकरी कायमची गेली, तरी म्हणतात, "संप चुकीचा नव्हता गं, आम्हाला एकटं पाडलं." आई मात्र युनियनचं नाव काढू देत नाही, घर तिनेच डबे करून चालवलं. मला दोघांचंही पटतं.

2023 च्याच सप्टेंबरात मार्व्हल या हॉलिवूडच्या स्टुडिओतल्या व्हीएफएक्स कामगारांनी एकमताने युनियनच्या बाजूने मत दिलं. आता आम्हीही दहाजण विचार करतोय. नोंदणीच्या अर्जाला सातजण पुरतात, पण आम्ही सगळे कंत्राटी. नाव कळल्यावर पुढचं काम मिळेल का?

कुणी कंत्राटी असताना युनियन केली आहे का? सुरुवात कशी केलीत? कामगार कायदा जाणणारा वकील ठाऊक असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.