इंग्रजीतले असभ्य शब्द: कुठे चालतात, कुठे अंगाशी येतात?

अर्धविराम: इंग्रजी मालिकांत दर दोन वाक्यांना 'शिट', 'क्रॅप', 'पिस्ड ऑफ' आणि तो एफवाला शब्द. परदेशी सहकारीही चॅटवर सर्रास लिहितात. नुसतं पुस्तकी बोललं की फार ताठर वाटतं. मग हे शब्द वापरावेत का? सौम्य कोणता, जहाल कोणता, हे ओळखायचं कसं?

तळटीप: समजायला सगळे हवेत, तोंडात मोजकेच.

परक्या भाषेतली शिवी आपल्याला टोचत नाही, कारण लहानपणी त्या शब्दापायी कुणी कान पिळलेला नसतो. जी मराठी शिवी आईसमोर जिभेवर येणार नाही, तिच्याच तोडीचा इंग्रजी शब्द मीटिंगमध्ये सहज निघून जातो. ऐकणाऱ्याला मात्र तो पुरता लागतो.

अंदाज हवा असेल तर ब्रिटनच्या ऑफकॉम या प्रसारण-नियामकाची 2016ची प्रतवारी पाहा. 'क्रॅप', 'डॅम', 'ब्लडी' सौम्य; 'शिट', 'पिस्ड ऑफ' मध्यम; एफवाला सर्वांत जहाल गटात. तिथल्या नेहमीच्या वाहिन्यांवर जहाल शब्द रात्री 9 ते पहाटे 5:30 यातच चालतात. स्ट्रीमिंगवरच्या मालिकांना असं वेळेचं बंधन नाही, त्यामुळे त्या पाहून प्रमाण ठरवू नका.

एरवी शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश उघडा आणि अर्थाआधीची खूण वाचा. 'इन्फॉर्मल' असेल तर ओळखीच्यांत चालेल. 'ऑफेन्सिव्ह' किंवा 'टॅबू' असेल तर समजून घ्या नि सोडून द्या. देशाची खूणही बघा. नुसतं 'पिस्ड' म्हणजे ब्रिटनमध्ये झिंगलेला, अमेरिकेत चिडलेला. 'फॅनी' अमेरिकेत ढुंगणासाठीचा साधासुधा शब्द, ब्रिटनमध्ये स्त्रीच्या गुप्तांगासाठीचा असभ्य.

खडूफळा: घोटाळा बऱ्याचदा व्याकरणात होतो. 'इट्स शिट' म्हणजे भिकार, 'इट्स द शिट' म्हणजे झकास. एक 'द' राहिला की कौतुकाचा अपमान झाला!

शब्दाच्या पोटात शिवी घालायची तर ती जोर पडणाऱ्या सिलेबलच्या (उच्चाराच्या तुकड्याच्या) लगेच आधी येते: 'ॲब्सो-ब्लडी-लूटली'. इतरत्र घातली की हसू होतं.

आणि उच्चार. मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घ इकाराचा फरक आपण फारसा पाळत नाही. 'शीट' आणि 'बीच' म्हणताना ओठ ताणून 'ई' लांबवा, नाहीतर शिवी द्यायची नसताना दिली जाईल.

काकपद: तळटीप, 'ओळखीच्यांत चालेल' हे फार ढिलं झालं. शिवी वस्तूला आहे की माणसाला, ते आधी बघायचं. प्रिंटरला 'क्रॅप' म्हटलं तर कुणी मनावर घेत नाही, सहकाऱ्याच्या कामाला म्हटलं तर तो घेतो. तो शब्द समोरच्याने तुमच्याशी बोलताना आधी वापरलेला असावा, आणि तरीही त्याच्यापेक्षा एक पायरी खालीच राहा. साहेब बोलले म्हणजे तुम्हाला परवाना मिळाला असं नाही. चॅटवर तर आणखी जपून: तिथे स्वर ऐकू येत नाही आणि मजकूर पुढे पाठवला जातो.

मुलाखत, ग्राहक, ईमेल, पोलीस, व्हिसाची खिडकी: इथे शून्य. वंश, धर्म, लैंगिकता, अपंगत्व यांवरच्या शिव्या कुठेच नाहीत. गाण्याबरोबर गुणगुणतानाही नाहीत.

अर्धविराम: मग वैताग दाखवायचा कसा?

खडूफळा: 'पेन इन द ॲस'ऐवजी 'पेन इन द नेक', 'पिस्ड ऑफ'ऐवजी 'फेड अप', 'स्क्रूड अप'ऐवजी 'मेस्ड अप'. 'डॅम'ला 'डार्न', 'हेल'ला 'हेक'. ही बोलीच आहे, ताठर अजिबात वाटत नाही.

'फ्रीकिंग'पासून मात्र सावध. आडून कोणता शब्द डोकावतोय ते सगळ्यांना कळतं. मित्रांत ठीक, मुलाखतीत नको.